पूर ओसरल्यानंतरच्या घरांसाठी : नाशिक महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

गोदावरीचा पूर ओसरला की आपली माणसं लगेच रस्त्यावर उतरतात. गाळ उचलला जातो, रस्ते धुतले जातात, फवारणी होते, ब्लीचिंग पावडर पडते. आठ-दहा दिवसांत गोदाघाटावर पुन्हा दुकानं लागतात आणि शहराच्या लेखी पूर संपतो. माझं म्हणणं त्यानंतरच्या दिवसांविषयी आहे. पाणी घरात असताना होतं त्यापेक्षा जास्त नुकसान पाणी गेल्यानंतरच्या दोन-चार महिन्यांत होतं, आणि त्या काळात घरातली माणसं आणि त्यांनी घाईघाईने बोलावलेला गवंडी, एवढेच काय ते उरतात.

मी स्थापत्य अभियंता आहे. पंचवटी, जुनं नाशिक आणि गंगापूर रोडचा नदीलगतचा भाग इथल्या घरांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. पत्र उघड लिहितो आहे ते अशासाठी की यातला काही मजकूर आपल्या कार्यालयासाठी आहे आणि काही थेट त्या घरांत राहणाऱ्यांसाठी. दोघांनी तो एकत्रच वाचावा.

आपला पूर कसा येतो हे नाशिककराला सांगावं लागत नाही. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्र्यंबकच्या डोंगरात त्याच्या कितीतरी पट पडतो. ते पाणी काश्यपी, गौतमी-गोदावरी आणि गंगापूर या धरणांत येतं आणि तिथून विसर्गाच्या रूपाने आपल्या दारात. शहरात उघडीप असताना रामकुंड पाण्याखाली गेलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १९६९ चा महापूर घरातल्या थोरल्यांच्या तोंडून ऐकलेला. १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे तर माझ्या पिढीने डोळ्यांनी बघितलेले. नदीचं पाणी चढलं की नाले उलटे फिरतात. वाघाडी, नासर्डी यांचं पाणी अडतं. सराफ बाजार आणि दहीपुलाच्या भागाला तर सरस्वती नाल्यामुळे नदीची वाटही पाहावी लागत नाही, तास-दीड तासाचा जोरदार पाऊस पुरतो.

आणि हे सगळं मोजायला आपल्याकडे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून अख्खं शहर पूर वाचतं. नदीची उंची आपण अशी नेमकी ओळखतो. गल्लीतल्या घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं, याची नोंद मात्र दोन पावसाळे गेले की चुन्याच्या हातासोबत पुसली जाते.

दहीपुलाजवळच्या एका वाड्यातली भिंत सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका भिंतीत आहे. भिंत दोन फूट जाड. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर मातीच्या दरजांत बांधलेली वीट, त्यावर चुन्याचा गिलावा. शंभर वर्षांवर ती उभी आहे. मागच्या एका पुरानंतर खालचा चार फुटांचा गिलावा फुगला, म्हणून तो काढून तिथे सिमेंटचा केला, वर वॉटरप्रूफिंगचं रसायन मारलं, पुट्टी भरली आणि ऑइल पेंट लावला. महिनाभर भिंत आरशासारखी दिसली. मग सिमेंट जिथे संपतं त्या रेषेच्या वर, पाच-साडेपाच फुटांवर, तपकिरी डाग उमटला. घरच्यांना वाटलं वरून गळतंय, म्हणून त्यांनी कौलं तपासून घेतली.

मी थापीच्या मुठीने सिमेंटवर ठोकत गेलो. बराच भाग पोकळ वाजला. एका कोपऱ्यात छिन्नी घातली तर ताटाएवढा तुकडा अलगद हातात आला, आणि त्याच्या मागच्या बाजूला थेंब लोंबत होते. मागच्या विटांमधली माती बोटाने उकरता येत होती. शेजारच्या सागवानी खांबाचं बूड तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, जिथे टेकतं, तिथेही सिमेंट लिंपलेलं होतं. ते काढल्यावर आतलं लाकूड काळं पडून मऊ झालेलं दिसलं. चार इंच वर तोच खांब ठणठणीत होता.

यात गूढ काही नाही. वीट आणि माती पाणी शोषतात आणि जमिनीतली ओल वर चढवतात. चुन्याचा गिलावा त्या ओलीला वाफ होऊन बाहेर जाऊ देतो. वर सिमेंट आणि ऑइल पेंट बसला की बाहेर पडायची वाट बंद होते, मग पाणी वाट मिळेपर्यंत वर चढतं. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, त्यातले क्षार भिंतीत जातात. पाणी उडून गेलं की ते क्षार पृष्ठभागाशी गोळा होतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा आतून फोडतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. लोणा लागलेल्या भिंतीवर पुन्हा सिमेंटच चढवलं की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

हा उपाय आला कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. बाजारात भिंतींसाठी जे लेप मिळतात त्यांची जाहिरात बघा. पावसाचा मारा बाहेरून भिंतीवर बसतो आणि लेप तो अडवतो, हेच त्यात दाखवलेलं असतं. मुंबईत, कोकणात ते खरं आहे. तिथे पाऊस आडवा येतो. झडीपासून भिंत वाचवायला कोकणात पूर्वापार पावसाळ्याआधी पडव्यांना झापं बांधतात, ते याचसाठी. शिवाय समुद्राकाठी हवाच खारी. त्यातलं क्लोराइड काँक्रीटमधून आत शिरतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि स्लॅबचे पापुद्रे खाली पडतात. मुंबईच्या जुन्या इमारतींत छताला सळया उघड्या पडलेल्या दिसतात त्या यामुळे. तिथल्या घराला बाहेरून कवच लागतं. आपल्या गोदाकाठच्या घराला पाणी खालून चढतं आणि आतून बाहेर जायला धडपडतं. त्याला कवच घातलं की पाणी आतच कोंडलं जातं. किनाऱ्यावरचं औषध आपण काठावरच्या रोग्याला देतो आहोत, आणि ते देणाऱ्या गवंड्याचा यात दोष नाही. त्याला चुन्याचं काम कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. महापालिकेने गवंड्यांसाठी चुन्याच्या कामाचं प्रशिक्षण सुरू करावं आणि पूर येणाऱ्या भागांच्या विभागीय कार्यालयांत, निदान पंचवटी, नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम इथे, भिजवून मुरवलेला चुना पावसाळ्याआधी तयार ठेवावा. कळीचा चुना ऐनवेळी भिजवून लगेच वापरता येत नाही, तो आठवडे-आठवडे मुरावा लागतो. पूर आल्यावर शोधाशोध केली की शेवटी सिमेंटचं पोतंच घरात येतं.

घरात राहणाऱ्यांना इथेच सांगतो. पाणी गेल्यावर ओल जिथवर दिसते त्याच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, भिंत उघडी ठेवा, दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा. पांढरा क्षार दिसेल तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो परत भिंतीत जातो. कपाटं, दिवाण भिंतीपासून हातभर पुढे ओढा. बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते, म्हणून भिजलेल्या गाद्या आणि फुगलेलं प्लायवुड यांचा मोह धरू नका. लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण असलेल्या घरात तर अजिबात नको. गाळ काढताना गमबूट आणि हातमोजे घाला. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे. आणि रंगाची घाई करू नका. जाड भिंतीचा जुना ढोबळ हिशेब इंचाला एक महिना असा आहे. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी वर्ष घेते. दिवाळीआधी घर रंगवून झालं पाहिजे ही आपली सवय मला कळते, माझ्याही घरात तेच असतं. पण पूर आलेल्या वर्षी खालच्या चार फुटांना फक्त चुन्याची सफेदी द्या.

विजेचंही तसंच. मेन स्विच चालू करण्याआधी जाणत्या वायरमनला दाखवा. पाण्यात बुडालेले एमसीबी, म्हणजे बोर्डातले वीज तोडणारे छोटे स्विच, वाळवून परत बसवायचे नसतात, ते बदलायचे असतात. भिंतीतल्या नळ्यांमध्ये गाळ बसलेला असतो, तो वरून दिसत नाही.

आता तळघरांविषयी, कारण इथे आपल्या यंत्रणेचा थेट संबंध येतो. मेन रोड, शालिमार, एम. जी. रोड भागांत तळघरात दुकानं आणि गोदामं आहेत. ती भरली की व्यापाऱ्यांची मागणी एकच असते, मोठा पंप आणा आणि रात्रीत रिकामं करा. त्यांचा माल आत बुडालेला असतो, घाई समजण्यासारखी आहे. पण बाहेरची जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असताना आतलं पाणी एकदम उपसलं, तर बाहेरचा दाब भिंतीला आत ढकलतो आणि जमिनीखालचा दाब तळाची फरशी वर उचलतो. आत पाणी होतं तोवर तेच भिंतीला टेकू देत होतं. बाहेरची पातळी उतरल्यावर उपसायला घ्यायचं आणि रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढायचं, भिंतीवर खूण करून रात्रीत पातळी किती वाढली ते पाहायचं, ही जगभर मानलेली पद्धत आहे. अग्निशमन दलाच्या आणि विभागीय पथकांच्या सूचनांत ही एक ओळ यावी. जुन्या दगडी तळघरांच्या बाबतीत तर ती प्राणांची गोष्ट आहे.

वाडे पडण्याचंही असंच आहे. बऱ्याच भिंती पाऊस चालू असताना पडत नाहीत. दोन दिवस ऊन पडलं, सगळे निर्धास्त झाले आणि मग कोसळल्या, असं होतं. भिजून फुगलेली माती आकसते, दरजा सुटतात, तुळईचं टोक जिथे भिंतीत बसलेलं असतं तिथली पकड जाते. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा जातात, तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना रचनात्मक तपासणी सांगितली जाते, सी-१ (अतिधोकादायक) पासून सी-३ (किरकोळ दुरुस्ती) पर्यंत वर्गवारी होते. हे सगळं मे-जूनमधलं, कोरड्या भिंतींचं. ज्या वाड्यात तीन फूट पाणी दोन दिवस उभं होतं, त्याची वर्गवारी ऑगस्टमध्ये तीच कशी राहील? पूर ओसरल्यापासून दहा दिवसांत पूरबाधित जुन्या घरांची दुसरी पाहणी झाली पाहिजे. मनुष्यबळ कमी पडेल हे मला माहीत आहे. शहरात स्थापत्य आणि वास्तुकलेची महाविद्यालयं आहेत, माझ्यासारखे व्यवसाय करणारे आहेत. आधी यादी करून ठेवा, कुणी कुठली गल्ली पाहायची ते ठरवून ठेवा. आम्ही येऊ. मोबदल्याचा प्रश्न मी तरी काढणार नाही.

पण नोटीस मिळूनही माणसं वाडा का सोडत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय पाहणीचा उपयोग नाही. भाडेकरूला भीती पावसाची कमी आणि हक्काची जास्त असते. एकदा बाहेर पडलो की परत आत येता येणार नाही, पिढ्यांचं बिऱ्हाड गेलं, असं त्याला वाटतं. म्हातारी माणसं गोदाकाठच्या ढासळत्या काझीच्या गढीवर दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहतात, ती हौसेने नव्हे. घर रिकामं करून घेताना प्रत्येक भाडेकरूच्या खोलीचं मोजमाप घ्यावं, त्यावर मालक, भाडेकरू आणि महापालिकेचा अधिकारी अशा तिघांच्या सह्या व्हाव्यात आणि एक प्रत त्याच दिवशी भाडेकरूच्या हातात पडावी. हातात तो कागद असेल तर माणूस शाळेतल्या निवाऱ्यात शांत झोपेल.

नव्या इमारतींबद्दल थोडक्यात. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषेच्या आत बांधायचं तर जोत्याची पातळी लाल रेषेपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवी, असं नियमावली सांगते. त्यामुळे राहती घरं वर गेली, हे चांगलंच झालं. पण खालच्या पार्किंगमध्ये मीटरपेट्या, पंप, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी तशीच राहिली. पूर येतो तेव्हा घर कोरडं असतं, पण वीज, पाणी आणि लिफ्ट एकदम जातात आणि पाचव्या मजल्यावरची आजी आठ दिवस अडकते. पूररेषेत भोगवटा दाखला देताना मीटरपेट्या आणि पंपाचं पॅनेल लाल रेषेच्या वर आहे की नाही, हे तपासण्याची सक्ती करा. जुन्या सोसायट्यांना हा बदल करायला घरपट्टीत थोडी सवलत दिली तर बहुतेक कमिट्या आपणहून करतील. तोवर कमिट्यांनी एवढं करावं : विसर्गाचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी आणि टाकीचं झाकण पक्कं बसवावं. पूर शिरलेली टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीन टाकून धुतल्याशिवाय तिचं पाणी वर चढवू नये.

मदतीच्या पैशांचा विषय आपल्या एकट्याच्या अखत्यारीतला नाही, तो महसूल यंत्रणेकडे आहे, हे जाणून लिहितो. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये ठरवले होते, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. पंचनामा पाणी ओसरल्यावर लगेच होतो. त्या दिवशी भिंत उभी असते, ओली असते, टक्क्यांत बसत नाही. तीच भिंत दीड महिन्याने फुटते, तेव्हा रजिस्टर बंद झालेलं असतं. आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे शब्द टाकावा की पूरबाधित गल्ल्यांत सहा आठवड्यांनी दुसरी नोंद घेतली जावी आणि त्या नोंदीसाठी महापालिकेच्या अभियंत्याचा अहवाल ग्राह्य धरावा.

विम्याचंही कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितो. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे. इमारतीचा विमा काढला तर घरातल्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळतं. वर्षानुवर्षं मुरणारी ओल मात्र त्यात बसत नाही. म्हणून पूर येऊन गेल्यावर झाडूला हात लावण्याआधी पाण्याच्या रेषेसकट सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा. पंचनाम्यालाही तेच कामाला येतात.

सिंहस्थाची तयारी सुरू आहे. घाट, रस्ते, पूल यांवर मोठा खर्च होतो आहे आणि तो व्हायलाच हवा. २०२७ मधलं नाशिकचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्टला आहे. २०१६ चा पूर २ ऑगस्टलाच आला होता. यातून मला भविष्य सांगायचं नाही. ते दिवस गोदावरीच्या भर पुराचे असतात एवढंच सांगायचं आहे, आणि त्या दिवशी काठावरच्या तळमजल्यांत घरच्या माणसांबरोबर बाहेरगावचे भाविक उतरलेले असतील. कुठल्या खोलीत कितीपर्यंत पाणी येतं, हे त्यांना कसं कळणार?

म्हणून शेवटची मागणी. पंचवटी, दहीपूल, सराफ बाजार, रामवाडी, गंगापूर रोडचा नदीकाठ आणि खाली टाकळी, दसक-पंचकपर्यंत, प्रत्येक पूरबाधित गल्लीच्या तोंडावर २००८, २०१६ आणि २०१९ च्या पाण्याची उंची दाखवणारी दगडी पट्टी बसवावी. जुन्या रहिवाशांना त्या रेषा अजून नेमक्या आठवतात, त्यांच्याकडून त्या आताच खुणावून घेता येतील. पट्टी असली की भाविकाला सामान कुठल्या फळीवर ठेवायचं ते कळेल, वायरमनला बोर्ड किती उंचीवर बसवायचा ते कळेल आणि गवंड्याला चुना कुठवर लावायचा तेही.

चुना, दुसरी पाहणी आणि या पट्ट्या, निदान एवढ्या तीन गोष्टी २०२७ च्या मे महिन्याआधी व्हाव्यात अशी विनंती आहे. दहीपुलाच्या त्या वाड्यातली भिंत आम्ही उघडी करून ठेवली आहे. मालकांची परवानगी आहे. आपले अभियंते कधीही येऊन बघू शकतात. मी सोबत असेन.

आपला नम्र,
पंचवटीतील एक स्थापत्य अभियंता